मूठभर नाचणी

कुंडलिकनानांनी दोरी ओढली. घंटा वाजलीच नाही असं कुणाला म्हणता आलं नसतं. आवाज झाला खरा, पण भरल्या कणगीवर काठी आपटावी तसा, जिथल्या तिथं बसला.

ढोल आधीच थांबले होते. बायकांचे जोडलेले हात तसेच राहिले. नानांना वाटलं, आपलाच हात हलका पडला. त्यांनी फेट्याचा शेव मागं टाकला, पाय रोवले आणि सगळा जोर लावून पुन्हा ओढली. लोलक आपटला, देवळाच्या आढ्यावरची पाकोळी उडाली, आणि पुन्हा तेच. नवीकोरी, चिंचेनं घासून लखलखीत केलेली, वस्तीतल्या घराघरातलं तांबं वितळवून, त्यात कथील मिसळून ओतलेली घंटा ठप्प म्हणाली आणि गप्प झाली.

मागं उभ्या असलेल्या आरतीच्या तोंडचं पाणी पळालं. नवी घंटा करायची हे तिनंच सुचवलं होतं, भोरचा ओतारी तिनंच शोधला होता. हायवेवर किकवीजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात ती धातू तपासायच्या कामाला होती, तिथंच खोली घेऊन राहायची. आठवड्याच्या सुट्टीला वर आली की लोक तिला "कारखानदारीनबाई आल्या" म्हणून चिडवायचे. घंटेच्या बाबतीत मात्र वस्तीनं तिचा शब्द पहिल्यांदाच मानला होता.

टेपावरची वस्ती वेल्ह्याच्या डोंगरात, खाली पानशेतचं पाणी ताटलीएवढं दिसतं इतक्या उंचावर. धनगरांची मोजकी घरं, गुरं, शेळ्या, उतारावर नाचणी-वरईची खाचरं. पावसाळ्यात इथं धुकं उतरलं की स्वतःचे पाय दिसत नाहीत. पठारावर गुरं घेऊन गेलेला माणूस अशा वेळी डोळे मिटल्यासारखा चालतो आणि सिद्धनाथाच्या घंटेच्या आवाजाच्या अंगानं घर गाठतो. जुनी घंटा लहान होती, दोन वर्षांपूर्वी तडकलीही होती. तिचा आवाज वारा खाऊन टाकायचा. म्हणून ही नवी.

"कुनाचं तरी मन कच्चं व्हतं," नाना म्हणाले. त्यांनी ते कुणाकडं बघून म्हटलं नाही, पण म्हटलं.

"म्हंजी?" कुणीतरी विचारलं.

"म्हंजी देताना हात आखडला. देवाला दिल्यालं आतनं दिल्यालं नसंल तर त्ये बोलंल कसं?"

माना वळल्या, आणि त्या सगळ्या एकाच बाजूला वळल्या. सोजराबाई खांबाला टेकून उभी होती. तांब्याचे हंडे, घंगाळी, तपेली गोळा केली त्या दिवशी टेम्पोपाशी तिनं आपला हंडा छातीशी धरून ठेवला होता, आणि ड्रायव्हरनं हळूच ओढून घेतल्यावर तोंडाला पदर लावून रडली होती. ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

ठरलं ते असं. पुढच्या रविवारी देवाला कौल लावायचा. पिंडीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि एकेका घराचं नाव घ्यायचं. उजवी पाकळी पडली की देवाचा होकार, ते घर दोषी. त्या घरानं वर्षभर देवळाची पायरी चढायची नाही.

वर्षभर पायरी बंद हे इतरांना एक वेळ चाललं असतं. सोजराबाईचं सगळं त्या पायरीवर होतं. नवरा गेल्यापासून, म्हणजे आरतीच्या जन्माच्याही आधीपासून, धुकं पडलं की घोंगडी पांघरून तिथं बसायची आणि शेवटचं माणूस घरी येईपर्यंत दोरी ओढत राहायची ती सोजराबाई. हे काम तिला कुणी दिलं नव्हतं आणि ते तिच्याकडून काढून घ्यावं असंही कुणाच्या मनात कधी आलं नव्हतं. वस्तीतला असा एक गडी नव्हता, जो तिच्या घंटेवर घरी आला नव्हता. नाना स्वतःही आले होते.

प्रसाद न घेताच ती घराकडं निघाली. आरतीनं हाक मारली तर मागं न बघता म्हणाली,

"ऱ्हाऊ दे बाय. देवाला ठाऊक हाय समदं."

*

सोमवारी आरती कामावर जाण्याआधी भोरला उतरली. कुमार ओतारी आपल्या कारखान्याच्या दारातच भेटला. कारखाना म्हणजे बाजारपेठेमागची पत्र्याची शेड, मधोमध जमिनीत भट्टी, भिंतीला टेकलेले समयांचे नि देवांच्या मुखवट्यांचे साचे. घंटा न वाजल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. तो बिचारा वर बघायलाच तयार नव्हता.

"ताई, तीन पिढ्या घंटा ओततोय आम्ही. असं कधी झालं नाही. तुमची शपथ."

"शपथ नको, दादा. मुंडी आहे का?"

साच्याच्या तोंडावर जो जास्तीचा धातू थिजून राहतो त्याला हे लोक मुंडी म्हणतात. घंटा निघाली की ती कापून बाजूला टाकतात, पुढच्या ओतणीला कामी येते. कुमारनं कोपऱ्यातून ती आणून तिच्या पुढ्यात ठेवली. आरतीनं ती उचलली नाही. नुसती बघत राहिली.

मुंडी फुगलेली होती. चांगला धातू थिजताना आकसतो, खाली बसतो, वर खळी पडते. ही मात्र तव्यावरच्या भाकरीसारखी वर आली होती.

"हे बघितलं होतं तुम्ही?"

"बघितलं," कुमार म्हणाला. "म्हटलं, देवाची घंटा आहे, उमलली असेल."

त्यांनी मुंडी शिकंज्यात धरली आणि आळीपाळीनं करवत चालवली. दोन तुकडे झाले. कापलेल्या अंगावरून आरतीनं बोट फिरवलं आणि तो तुकडा दारातल्या उन्हात धरला. आत सगळीकडं बारीक बारीक भोकं, वाटोळी, आतून चकचकीत. शेळीच्या खरवसाला जाळी पडते तशी. संबंध घंटा आतून अशीच असणार होती. वरून लखलखीत, आत जाळी. हादरा एका भोकातून दुसऱ्या भोकात जाता जाता मरत होता. वाजणार कुठून?

अशी भोकं ती रोज बघायची. कारखान्यात तिचं कामच ते. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमची पळीभर चव घ्यायची, म्हणजे छोट्या वाटीत धातू काढायचा, काचेच्या झाकणाखाली ठेवायचा, पंपानं आतली हवा ओढून घ्यायची आणि थिजताना बघत राहायचं. पहिल्या दिवशी तिनं ते पाहिलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. आरशासारखा स्वच्छ, शांत धातू. त्यात काही आहे असं ब्रह्मदेवाला सांगून पटलं नसतं. आणि मग थिजता थिजता त्याच्या तोंडावर एकेक मणी वर येऊ लागला, फुटू लागला, जणू आत कुणी श्वास रोखून बसलं होतं आणि आता त्याला राहवत नव्हतं. तिच्या साहेबांनी सांगितलं, हा हायड्रोजन. पाण्यातला, ओलीतला, तेलातला, लाकडातला. ज्यात ज्यात जीव होता किंवा ओल होती त्या सगळ्यातला. धातू तापला की तो हे पिऊन घेतो. जितका जास्त तापेल तितकं जास्त पितो. पिऊन कुठं ठेवतो ते दिसत नाही, वजन वाढलेलं कळत नाही, रंग बदलत नाही. आणि थंड होऊन थिजला की एकाएकी त्याला ते पोटात ठेवता येत नाही.

आयुष्यभर घट्ट म्हणजे काय हे सांगायचं तर आपण लोखंड म्हणतो, तांबं म्हणतो. आणि त्या तांब्याला तहान लागते. हे आरतीला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं आणि रोज डोळ्यांनी बघूनही अजून पुरतं खरं वाटत नव्हतं. रोज संध्याकाळी हात धुताना ती एकदा तरी मनात म्हणायची, काय करून ठेवलंय हे.

"दादा, धातू वितळवायची मूस ओली होती?"

"छे. दोन दिवस उन्हात."

"साचा?"

"भाजून घेतला होता. ताई, मी काही नवशिका नाही."

"मग ओल आली कुठून? भांडी धुऊन दिली होती का?"

"भांडी कोरडीच होती. नुसती नाचणी होती त्यात."

आरतीच्या हातातला तुकडा खाली आला.

"काय होतं?"

"नाचणी. मूठ मूठ. तुमच्याकडची रीतच ना? रिकामं भांडं द्यायचं नाही. कुणी जास्त घातली होती, कुणी कमी. आता भांडी ठोकून चपटी केली तर ती घड्यांमध्ये अडकून बसली. झटकून काढली असती, पण देवाचं धान्य. जमिनीवर कसं सांडू? म्हटलं, अग्नीला गेलं ते देवाला गेलं." तो जरा थांबला. "आणि जाळही नेहमीपेक्षा जास्त दिला, ताई. देवाचं काम म्हणून. ब्लोअर दुपारपर्यंत बंदच केला नाही."

आरती भट्टीच्या काठावर बसली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. दाणे जळले असतील, त्यांच्यातली ओल, त्यांच्यातलं सत्त्व, सगळं धुरात गेलं असं वाटलं असेल, आणि ते घड्यांमध्ये कोंडून थेट तापलेल्या तांब्याला मिळालं. वर दुपारपर्यंतचा जाळ. वस्तीनं भक्तीनं धान्य घातलं, कुमारनं भक्तीनं आग घातली, आणि तांबं मिळेल ते पीत गेलं. कुणाचंही मन कच्चं नव्हतं. उलट थोडं कमी पक्कं असतं तर घंटा वाजली असती.

*

शनिवारी ती शेवटच्या एसटीनं वेल्ह्याला उतरली आणि चढ चढून वर आली ती घरी न जाता आधी सोजराबाईकडं गेली. दिवस मावळायचा होता. सोजराबाई चुलीपुढं बसली होती आणि चुलीवर भगुल्यात पाणी तापत होतं.

"काकू, एक सांगायचंय. घंटा का वाजली नाही ते कळलं मला."

"मलाबी कळलंय," सोजराबाई म्हणाली. "उद्या कौलात इलच. पर तू आलीच हाईस तर तुला सांगते. माजा हंडा रिकामा व्हता."

आरती चुलीपाशी खाली बसली.

"समद्यांनी मूठ मूठ नाचनी घातली. म्याबी घेतली व्हती मुठीत. पर घातली न्हाई." ती चुलीतलं लाकूड पुढं सारत राहिली. "तुजा जल्म न्हवता तवा. घंटा न्हवती हितं, जुनीबी न्हवती. धुकं आलं का म्या त्यो हंडा अंगनात पालथा घालायची आन् मुसळानं वाजवायची. धनी त्या आवाजावर यायचं. लांबनं दिसायचं न्हाईत, एकदम पुढ्यातच उभं ऱ्हायचं. मंग माजी घाई. डोईवरचा पदर पडल्याला असायचा वाजवून वाजवून, त्यो घ्यायची." ती जराशी हसली. "एकदा वासरू चुकलं म्हनून परत गेलं. म्या वाजवीत ऱ्हायले. हंड्याचं बूड चेपलं. त्ये काय आलं न्हाईत."

हे आरतीला अर्धवट ठाऊक होतं. सोजराबाईचा नवरा गेनू धनगर कड्याखाली सापडला, हे वस्तीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. हंड्याचं कुणालाच नव्हतं.

"त्या दिसापास्नं त्यात पानी भरलं न्हाई. दानाबी ठिवला न्हाई. पालथाच ठिवला. त्यांच्या कानात शेवटाला त्योच आवाज गेला असंल ना गं? मला वाटायचं त्यो आवाज अजून आत हाय. नाचनी घातली तर दबंल. म्हनलं, घंटा व्हायची हाय, तर आवाज तसाच जाऊ दे." तिनं हात झटकले. "आन् देवाला रिकामं दिलं. म्हनून ती मुकी झाली. माज्या एकटीपायी समद्यांचं तांबं वाया गेलं."

भगुल्यातलं पाणी अजून उकळलं नव्हतं, पण त्याच्या कडेला, तळाला, बारीक बारीक बुडबुडे धरले होते. आरती त्याच्याकडं बघत होती.

"काकू, हे बुडबुडे बघा. हे पाणी उकळल्याचे नाहीत. गार पाण्यात हवा असते, मुरलेली. पाणी तापलं की ती बाहेर पडते."

"पडंना का."

"धातूचं उलटं असतं. तो तापला की आत घेतो, आणि गार झाला की सोडतो." आणि मग तिनं सगळं सांगितलं. फुगलेली मुंडी, खरवसाची जाळी, घड्यांत अडकलेले दाणे. हायड्रोजन म्हणायला सोजराबाईची जीभ वळेना, तेव्हा आरती नुसतं 'वारा' म्हणाली. "हा वारा एरवी जोडीनं राहतो, काकू. दोघं दोघं. पण तापलेल्या तांब्याच्या दारात जोडी फुटते आणि एकेकटा आत शिरतो. एकट्याला जागा होते. मग तांबं थिजायला लागलं की आतल्या आत पुन्हा जोडी जमते, आणि जोडीला आत राहता येत नाही. ती फुगून भोक पाडते."

सोजराबाईनं चुलीकडं बघितलं, मग दाराबाहेर.

"इक्त्या जाळात?"

"इतक्या जाळातच."

"आन् कुनाला दिसत न्हाई."

"कुणालाच नाही."

"बया," सोजराबाई म्हणाली. तिनं हात जोडले. देवळात जोडतात तसे, चुलीपुढं.

"काकू, तुमचा हंडा रिकामा होता, तोच एक चांगला होता. सगळ्यांनी जर तुमच्यासारखंच..."

"असं बोलू नगंस," सोजराबाईनं तिला तोडलं. "उद्या तर बिलकूल बोलू नगंस. लोकांनी मनापास्नं घातली हाय."

*

सकाळी पिंडीवर पाकळ्या चिकटल्या होत्या. नाना ओले हात पुसत उभे होते. पहिलं नाव घ्यायच्या आत आरती पुढं झाली. कारखान्यात साहेबांपुढं बोलताना तिला कधी एवढी भीती वाटली नव्हती.

"नाना, एक विचारू? नाचणी कुणी कुणी घातली होती?"

ह्यात काय विचारायचं, अशा थाटात हात वर झाले. नानांनी तर सांगूनच टाकलं, "म्या दोन वंजळी घातल्या. आमचं घंगाळ मोठं."

आरतीनं पिशवीतून मुंडीचा तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा केला, डोळ्यांजवळ नेला.

"ह्ये काय, खरवस हाय का काय?"

मागं कुणीतरी फिसकन् हसलं. तुकडा हातोहात फिरला. तो फिरत असताना तिनं सांगितलं, काल सांगितलं होतं तसंच. दाण्यातली ओल, तांब्याची तहान, जास्तीचा जाळ. कुणाच्याही मनात खोट नव्हती, हे तिनं दोनदा म्हटलं. लोक ऐकत होते. पोरं भोकांत काडी घालून बघत होती. विश्वास बसला असं नाही, पण तुकडा हातात होता आणि तो खोटं बोलत नव्हता.

"मंग समद्यांच्याच दान्यांनी झालं म्हन की," एक बाई म्हणाली.

"सगळ्यांच्याच."

ती इथं थांबणार होती. सोजराबाईचं कालचं सांगणं तिला पाळायचं होतं. पण खांबापासून आवाज आला.

"माजी न्हवती."

सोजराबाई पुढं आली.

"म्या रिकामा दिला हंडा. मूठ वळली व्हती, सोडली न्हाई. कौल लावायचा तर लावा. लपवून म्या पायरीवर बसनार न्हाई."

नाना तिच्याकडं बघत राहिले. आरतीला दिसलं, ते मनात हिशेब करत होते. आपल्या दोन ओंजळी आणि हिचा रिकामा हंडा. हातातला तुकडा त्यांनी अंगठ्यानं चाचपला. मग ते पिंडीकडं वळले.

"देवा सिद्धनाथा," शेवटी ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता, "कुनाचंबी नाव घेत न्हाई. येवडंच इचारतो. घंटा फोडून पुन्यांदा वतू का?"

उजवी पाकळी घरंगळली आणि खाली आली.

*

घंटा घणानं फोडली तेव्हा बायकांनी तोंडं फिरवली. कुमारनं तुकडे आधी वेगळ्या जाळावर लाल होईपर्यंत भाजून घेतले, मूस रिकामीच तापवून काढली, साचा पुन्हा भाजला. आरतीनं किकवीच्या ओळखीच्या टायरवाल्याकडून नायट्रोजनचा सिलिंडर आणला होता, आणि कारखान्यातून भंगारात निघालेली ग्राफाइटची, म्हणजे पेन्सिलीतल्या काळ्या शिशाची लांब नळी. टायरवाल्यानं विचारलं, "कुठल्या गाडीला?" ती म्हणाली, "देवाच्या." त्यानं पुढं काही विचारलं नाही.

वस्तीतून टेम्पो भरून माणसं आली होती. ह्या वेळी घरोघरची नाचणी वेगळ्या पिशवीत होती आणि शेडच्या मागं बायका तिच्या भाकरी थापत होत्या. रिकाम्या हातानं यायचं नाही, ही रीत मोडली नव्हती. दाणे फक्त पोटात जाणार होते.

मुशीत तांबं वितळलं. आधी तुकड्यांचे कोपरे ढासळले, मग सगळं एकाएकी एक झालं. कुमारनं वरची राख बाजूला सारली आणि भट्टीच्या तोंडाशी वाकलेल्या सगळ्यांचे चेहरे खालून उजळले. मावळत्या सूर्याला जवळ आणून ठेवल्यासारखं ते होतं, आणि हलत होतं. ढोसका मारला तर लाटा येतील असं. नानांनी नकळत पायताण काढलं.

"ह्यात हाय त्यो वारा?" सोजराबाईनं विचारलं.

"थोडा असेलच. आता काढू."

आरतीनं तापवलेली नळी धातूत उतरवली आणि सिलिंडरची चावी हलकेच सोडली. तळातून बुडबुडे निघाले आणि वर येऊन फुटू लागले. आत त्या वाऱ्याचे जे कण एकएकटे पडलेले असतील ते त्या बुडबुड्यांत शिरत होते, तिथं त्यांची जोडी जमत होती, आणि एसटी मिळालेल्या माणसांसारखे वर निघून जात होते. यातलं काहीच दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त उजेडाचं उकळणं. आरतीला वाटलं, कारखान्यात हे मी रोज करते आणि रोज घाईत करते. तिनं त्या दिवशी घाई केली नाही.

ह्या वेळी कुमारनं ब्लोअर वेळेत बंद केला. ओतलं. साचा भरला, तोंडाशी उजेडाचं वर्तुळ उभं राहिलं आणि हळूहळू लाल, मग काळपट होऊ लागलं. आरती त्यावर वाकली. फुगतंय का? वर्तुळ थरथरलं. मग मधोमध एक खळी पडली आणि ती खोल होत गेली.

"बसली," कुमार म्हणाला आणि डोळे पुसले. धूर लागला असावा.

*

घंटा चढवली त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. उन्हात पठार निखळ दिसत होतं, त्यावरून देवळाकडं येणारी पायवाटही, शेवटच्या वळणापर्यंत. पाऊस अजून लांब होता.

नानांनी दोरी हातात घेतली. फेट्याचा शेव मागं टाकला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी मागं वळून बघितलं आणि दोरी पुढं केली.

"सोजरे, तू."

ती आली. दोरी तिनं एकदा मुठीत घोळवली, जुनी ओळख काढल्यासारखी. मग ओढली.

आवाज निघाला आणि थांबला नाही. आधी तो देवळात भरला, मग दारातून बाहेर गेला, उतारावर गेला, पठारावर गेला, समोरच्या डोंगरानं तो घेतला आणि परत पाठवला. खाली कुठंतरी एक कुत्रं भुंकायचं थांबलं. माणसं माना वर करून उभी होती, जशी काही ती गोष्ट डोळ्यांना दिसणार होती. आरतीनं खांबाला हात लावला तर खांबही थरथरत होता. एवढासा वारा काढून घेतला, तिच्या मनात आलं, न दिसणारा, न वजनाचा. रडावं की हात जोडावे हे तिला कळेना, म्हणून ती नुसती सोजराबाईकडं बघत राहिली.

सोजराबाईनं दुसऱ्यांदा दोरी ओढली नव्हती. पहिलाच आवाज अजून सरला नव्हता. ती घंटेकडंही बघत नव्हती. पठारावरून येणाऱ्या त्या मोकळ्या पायवाटेकडं तोंड करून ती उभी होती, आणि दोरी ओढताना खांद्यावर घसरलेला पदर तिनं दोन्ही हातांनी घाईघाईनं डोक्यावर घेतला.